बाहेरची कडी

१

घाटंजीपासून दोन कोसांवरच्या त्या तांड्यात सागवानी दरवाजा एकाच घराला होता. ते घर गुलाबसिंगचं. गुलाबसिंग तांड्याचा नायक, म्हणजे गावकीतला पहिला माणूस. हा मान बाप मेल्यावर त्याच्याकडे आला होता, आणि दरवाजाही त्याच साली आला होता. बाकीच्यांची दारं तट्ट्याची, कुत्र्यानं नाक खुपसलं की उघडणारी. हा मात्र दोन फळ्यांचा, लोखंडी पट्ट्या मारलेला, आतून अडसर आणि बाहेरून साखळीची कडी. सुतारानं लाकूड जरा ओलंच वापरलं होतं, म्हणून वर्षभरात फळ्या आकसल्या आणि उंबऱ्याच्या वर चार बोटांची फट पडली. तेवढं सोडलं तर दरवाजात खोट काढायला जागा नव्हती.

सन बासष्टचा पावसाळा सरत आला होता. गुलाबसिंगचा रोजचा क्रम ठरलेला होता. गुरं परतायच्या वेळेला तो वावरातून यायचा, बैल बांधायचा, आत जाऊन पागोटं खुंटीला अडकवायचा आणि कंदील पुसायला बसायचा. त्याची बायको जमनी त्या वेळेला विहिरीवर असायची. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे एवढा वेळ तो घरात एकटाच.

एका सांजेला त्याला आठवलं की दावं बाहेर राहिलं. उठून त्यानं दार ढकललं, तर दार हलेना. बाहेरून कडी लागली होती.

त्यानं हाक मारली. कुणी आलं नाही. थोड्या वेळानं जमनी डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन आली, तिनं कडी काढली आणि हसून विचारलं, "तुमाले कोन कोंडलं जी?"

पोरांचा खोडसाळपणा असेल, असं म्हणून त्यानं विषय संपवला. तांड्यात पोरं काही कमी नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला कडी पुन्हा लागली. तिसऱ्या दिवशीही लागली, आणि या खेपेला त्यानं आवाज ऐकला. कडी कोयंड्यात पडली आणि मग कुणीतरी ती ओढून पाहिली. एकदा, दोनदा, तीनदा.

पोरं कडी लावतील आणि पळतील. लागली की नाही हे तीन वेळा ओढून कशाला बघतील? हे त्याच्या मनात आलं, पण त्यानं ते मनातच दाबलं.

२

आता खरं काय ते सांगून टाकलेलं बरं, कारण गुलाबसिंगनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

पाच वर्षांपूर्वी शेजारच्या गावच्या नानाजी नावाच्या शेतकऱ्याशी दोन वावरांमधल्या धुऱ्यावरून त्याचं भांडण झालं. नानाजीचा बैल याच्या कपाशीत शिरला होता. शब्दानं शब्द वाढला आणि गुलाबसिंगनं लोखंडी कडं घातलेली काठी नानाजीच्या डोक्यात घातली. नानाजी तिसऱ्या दिवशी गेला. भांडण पाहणारा एकच माणूस होता, फुलचंद. फुलचंद हा गुलाबसिंगचा चुलतभाऊ, दोन वर्षांनी मोठा. आईबाप लहानपणीच गेले, म्हणून गुलाबसिंगच्याच घरात वाढलेला. त्याच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती. ती लहानपणी वखराच्या धारदार पासीखाली गेली होती, आणि त्या दिवशी बैल हाकत होता गुलाबसिंगच.

त्या वेळी नायक होता गुलाबसिंगचा बाप, देवीलाल. म्हातारा जुन्या चालीचा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेले, आणि तो प्रत्येक गोष्टीचा हिशेब त्याच लादणीवरून लावायचा. त्यानं दोघांना समोर बसवलं आणि फुलचंदला म्हणाला, "बेटा, गुन्हा म्हंजे गोनी हाये. कोन्या बैलाच्या पाठीवर हाये हे मालक पाहात नाही. मुक्कामावर पोचली पाह्यजे, बस. गुलाब एकला पोरगा हाये माहा. तू घे."

फुलचंदनं एकच विचारलं, "अन् वाटंत बैल बसला तं?"

"तं गोनी मागच्या बैलावर," म्हातारा म्हणाला. "गोनी वाटंत टाकत नसते."

ज्याच्या घरची भाकर खाऊन वाढला त्याला नाही कसं म्हणणार? फुलचंदनं फौजदारापुढे सांगितलं की मी मारलं, आणि यवतमाळच्या कोर्टातही तेच सांगितलं. आपल्या बायकोला, रूपीबाईला, त्यानं खरं सांगितलं नाही. जज्जसाहेबांनी शिक्षा वाचली: पाच वर्षं सक्तमजुरी आणि पाचशे रुपये दंड, दंड न भरल्यास आणखी एक वर्ष. गुन्हा एकाचा आणि सजा दुसऱ्याची असला व्यवहार कोर्टात चालत नसतो, हे त्या म्हाताऱ्याच्या गावीही नव्हतं. त्याला वाटलं, लादणी झाली, आता वाटेला लागायचं.

देवीलालनं बैलजोडी विकली आणि पैसे फडक्यात बांधून पेटीत ठेवले. हे फुलचंदच्या दंडाचे, त्याला हात लावायचा नाही, असं मुलाला बजावलं. पुढं चार महिन्यांत म्हातारा मेला. गुलाबसिंग नायक झाला. नायकाच्या घराला तट्ट्याचं दार शोभत नाही, असं कुणीतरी म्हणालं, किंवा त्यालाच वाटलं. पाच वर्षं पडली आहेत, दंड भरू सावकाश, असं म्हणून त्यानं फडकं सोडलं. त्या पैशात दरवाजा आला, चौकट आली आणि पुढची विटांची भिंत उभी राहिली.

३

जेलातून वर्षा-दोन वर्षांनी एखादं कार्ड यायचं. तांड्यात चौथीपर्यंत शिकलेला गुलाबसिंग एकटाच. फुलचंद कुणा शिकलेल्या कैद्याकडून लिहवून घ्यायचा आणि गुलाबसिंग ते रूपीबाईला वाचून दाखवायचा.

पहिल्या कार्डात होतं: "दंड भरल्याची पावती कचेरीत आली नाही. तेवढी पाठवावी." गुलाबसिंगनं वाचलं, "मी खुशाल हाये. गंगीले संभाळ. गुलाब सारं पाहून राह्यला." गंगी ही फुलचंदची मुलगी, तेव्हा चार वर्षांची. रूपीबाईनं ते शेवटचं वाक्य त्याला पुन्हा वाचायला लावलं. त्यानं पुन्हा वाचलं.

दुसऱ्या कार्डात होतं: "चांगल्या वर्तनामुळे मला कैदी वॉर्डर केले आहे. दिवे लागायच्या वेळी आमच्या बराकीत कैद्यांना जोडीजोडीने उकिडवे बसवून गिनती होते. मग कडी लागली की मी तीन वेळा ओढून पाहतो आणि ओरडतो, ताला जंगला लालटेन सब ठीक. दंडाचे काय झाले?" हे तीनदा कडी ओढण्याचं आणि कुलूप, गज, कंदील ठीक असल्याचं ओरडण्याचं त्यानं रूपीबाईला खरं खरं वाचून दाखवलं, कारण त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. ती खूप हसली. गंगी कित्येक दिवस तांडाभर तसं ओरडत फिरायची. मग इतर पोरं तिला खुन्याची पोर म्हणायची आणि ती घरात जाऊन बसायची. हे गुलाबसिंग बघायचा. तोंडातून एक शब्द काढला की पोरीची सुटका होती. तो शब्द त्यानं काढला नाही.

तिसरं कार्ड यंदाच्या वैशाखात आलं. "माफी धरून माझी शिक्षा चैत्रात संपली. दंड न भरल्यामुळे अजून एक वर्ष आहे असे साहेबांनी सांगितले. तुझ्याकडून चुकून राहिले असेल. रूपीस यातले सांगू नये, तिला तुझ्याबद्दल वाईट वाटेल."

हे कार्ड वाचून गुलाबसिंगला आपल्या तोंडात शेण पडल्यासारखं झालं. पैसे गोळा करून यवतमाळला जायचं त्यानं ठरवलं. पेरणी झाली की जाऊ, असं ठरवलं. पेरणी झाली. निंदण झालं की जाऊ, असं ठरवलं.

श्रावण संपता संपता सरकारी खाकी लिफाफा आला. कैदी फुलचंद तापानं मयत झाला होता. दंडाच्या वर्षातले चार महिने झाले होते, आठ उरले होते.

रूपीबाई लिफाफा पाहून धावत आली. गुलाबसिंगनं कागद डोळ्यांपुढे धरला आणि वाचलं, "खुशाल हाये. सुटायची तारीख लवकरच कळवू." तिच्या हातांत खांद्यापर्यंत पांढऱ्या बांगड्या होत्या, नवरा जिता असल्याच्या. तिनं त्या हातांनी त्याची अलाबला घेतली.

त्याच आठवड्यात दाराची कडी लागायला लागली.

४

चोराच्या मनात चांदणं, असं गुलाबसिंगनं स्वतःला दहादा समजावलं. आपल्या मनात जे आहे तेच कानाला ऐकू येतं. तीन वेळा ओढायचं हे त्यानं कार्डात वाचलं होतं, म्हणून त्याला तीनदा ऐकू येत असेल.

मग त्याला रूपीबाईचाच संशय आला. कुणाकडून तरी तिनं कागद वाचून घेतला असेल आणि आता ती सूड घेत असेल. त्यानं जमनीला आडून विचारलं. जमनी म्हणाली की रूपीबाई रोज तिच्याबरोबरच विहिरीवर असते, दोघी बरोबरच परततात. हे ऐकून त्याला बरं वाटलं नाही. रूपीबाई असती तर फार बरं झालं असतं.

पाऊस पडून गेल्यावर एकदा त्यानं दारापुढची माती पाहिली. ओली, मऊ माती. जमनी विहिरीकडे गेल्याची पावलं होती, आल्याची होती. तिसरी नव्हती.

एके दिवशी तो घरी गेलाच नाही. नायकाच्या लिंबाखाली चार म्हातारे बसले होते, त्यांच्यात जाऊन बसला. हरिसिंग म्हातारा पुसदच्या बाजारातल्या बैलांच्या भावाची गोष्ट सांगत होता. दिवे लागायची वेळ झाली आणि गुलाबसिंग गोष्ट अर्धी टाकून उठला. कुठं चाललास म्हणून त्यांनी विचारलं. तो चालत राहिला. घरात शिरून कंदिलाजवळ बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण उकिडवे बसलो आहोत, हात गुडघ्यांवर, मान खाली. मागून कडी पडली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यानं सांडशी घेतली, कडी साखळीसकट उपटली आणि पेटीत ठेवून वर कुलूप लावलं. जमनीनं काहून काढली म्हणून विचारलं. गंजली होती, म्हणाला.

५

त्या सांजेला तो मुद्दाम दाराकडे तोंड करून बसला. बाहेर अजून चांगला उजेड होता. गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, कुणाच्या तरी चुलीचा धूर येत होता, लांब कुणी बाई शेळीला शिव्या देत होती. रोजचीच सांज होती.

जिथं कडी नव्हती तिथं कडी पडली. एकदा ओढली, दोनदा ओढली, तिसऱ्यांदा ओढली. चौकट प्रत्येक ओढीला हलली.

गुलाबसिंग उठला, दारावर दोन्ही हात टेकून त्यानं जोर केला. भिंत हलली असती पण दार हलेना. पेटीला कुलूप तसंच होतं. तेव्हा तो वाकला, गाल जमिनीला लावला आणि उंबऱ्यावरच्या फटीतून बाहेर बघितलं.

दारापुढं दोन अनवाणी पाय उभे होते. बोटं त्याच्याकडे. पाय स्वच्छ होते, चिखलातून चालत आल्याची काही खूण नव्हती. घोट्यांभोवतीची कातडी काळी आणि जाड झाली होती. उजव्या पायाला पाच बोटं होती. डाव्या पायाला चार.

त्याची बुद्धी तेव्हाही वाद घालत होती. चार बोटांचा माणूस मुलखात एकच असतो असं कुणी सांगितलं? वाटसरू असेल, भिकारी असेल. तो हे मनात म्हणत होता आणि त्याच वेळी त्याच्या तोंडातून, लहानपणी मारायचा तशी हाक निघाली, "भिया."

पाय हलले नाहीत. वरून, हळू आवाजात, दमलेल्या माणसानं दिवसभराचं शेवटचं काम उरकावं तसे शब्द आले. ताला. जंगला. लालटेन. पुढचं "सब ठीक" आलं नाही. तेवढं न म्हणताच पाय वळले.

थोड्या वेळानं जमनी आली. तिनं नुसता हात लावला आणि दार उघडलं. "दार तं उघडंच हाये," ती म्हणाली, "अन् तुमी भुईवर कायले लोळून राह्यले?"

गुलाबसिंग रडायला लागला. जमनीनं गुंडी खाली ठेवली आणि त्याच्याजवळ बसली. त्यानं तिला सगळं सांगितलं. धुऱ्यापासून खाकी लिफाफ्यापर्यंत, काही न वगळता. सांगून झाल्यावर त्यानं तिच्याकडे बघितलं. ती दरवाजाकडे बघत होती. मग ती उठली आणि चुलीपाशी जाऊन पाठ करून बसली. सकाळी एवढंच म्हणाली, "भाबीले तुमीच सांगा. माह्या तोंडानं नाही होत."

६

रूपीबाईचं घर तांड्याच्या टोकाला. गुलाबसिंग पोचला तेव्हा ती ओट्यावर बसून कवड्या लावलेली पिशवी शिवत होती, पानतंबाखूची. नवरा सुटून येईल तेव्हा त्याच्या कमरेला बांधायची. गंगी शेळ्यांमागे गेली होती. त्याच्या हातात खाकी कागद बघून रूपीबाईनं सुई थांबवली आणि सरकून जागा दिली.

त्यानं कागद उघडला. आत्ताही खोटं वाचता आलं असतं. ते त्याच्या तोंडात तयार होतं, पाठच होतं. त्याला स्वतःचीच इतकी किळस आली की त्यानं कागद मिटला.

"भाबी, नानाजीले म्या मारलं होतं," तो म्हणाला. "फुलचंदभियानं माह्यं आपल्यावर घेतलं. म्या दंड बी भरला नाही. अन् भिया आता नाही. श्रावणातच गेला."

इतकं मोठं सांगणं इतक्या थोड्या शब्दांत संपलं याचं त्याला नवल वाटलं. आता ती छाती बडवील, तांडा गोळा करील, आपल्या तोंडावर थुंकेल, असं त्याला वाटलं. तसं व्हावं अशी त्याची फार इच्छा होती.

रूपीबाईनं दोरा दातानं तोडला. पिशवी बाजूला ठेवली. मग एक एक करून बांगड्या उतरवायला लागली. वरच्या सैल होत्या, त्या लवकर निघाल्या. कोपराखालच्या निघेनात. ती घाई न करता ओढत राहिली, कातडी लाल झाली. गुलाबसिंग समोर बसून बघत होता. त्याला उठून जाता येईना. सगळ्या बांगड्या तिच्या ओटीत जमल्या तेव्हा तिनं मान वर केली.

"तो दरवाजा कितीत बसला?"

"पाचशात," तो म्हणाला.

"चांगला हाये," रूपीबाई म्हणाली. "मजबूत हाये."

त्यानं सांगितलं की मी उद्याच घाटंजीला जाऊन फौजदारापुढे कबूल होतो. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता.

"सरकारची पाच वर्षं त्यायनं भोगली. तुह्याच्यानं ते वापस येनार हायेत का? दंडाचे किती राह्यले?"

"आठ महिने."

तिनं बोटांवर मोजलं. आठवं बोट दुमडून ती तशीच थांबली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "जाय आता. गंगी येईन."

७

गुलाबसिंग घरी आला. पेटी उघडून त्यानं कडी बाहेर काढली आणि हातोडीनं जुन्या भोकांत पुन्हा ठोकून बसवली. ठोकताना त्याला बरं वाटत होतं. बोलून टाकलं, आता काही होणार नाही, असं एक मन म्हणत होतं. मग कडी कशाला बसवतोस, असं दुसरं विचारत होतं. जमनी अंगणात गोवऱ्या रचत होती. तिनं एकदा बघितलं आणि पुढची गोवरी रचली.

गुरं परतली. जमनी गुंडी घेऊन गेली. त्यानं बैल बांधले, पागोटं खुंटीला अडकवलं, कंदील पुसून लावला आणि दाराकडे तोंड करून बसला.

पावलांचा आवाज आला. खरा, चिखलातून येणाऱ्या माणसाच्या पावलांचा. तो वाकला. फटीतून पायांतली जड वाळी दिसली, घागऱ्याची मळकी किनार दिसली. रूपीबाईचे पाय होते. तो इकडेतिकडे बघत राहिला. दुसरे पाय नव्हते. ती एकटीच आली होती.

त्याच्या छातीवरचा दगड उतरला. एवढंच असेल तर ठीक आहे, त्याला वाटलं. जित्या माणसाच्या हातची शिक्षा आहे, भोगता येईल.

कडी पडली. हातात बांगड्या नव्हत्या, त्यामुळे बाकी काही वाजलं नाही. तिनं कडी ओढून पाहिली. एकदा, दोनदा, तीनदा. कार्डातलं ते तीनदा ओढणं तिच्या लक्षात राहिलं असणार. मग जमनी आल्याची चाहूल लागली. गुंडी खाली ठेवल्याचा आवाज आला. दोघी बायका हळू काहीतरी बोलल्या. जमनी आता कडी काढेल म्हणून तो थांबला. जमनीनं कडी काढली नाही. दोन्ही पावलं बरोबरच रूपीबाईच्या घराच्या दिशेनं गेली.

गुलाबसिंग सरळ झाला आणि उकिडवा बसला, हात गुडघ्यांवर, मान खाली. आठ महिने, तो मनात म्हणाला. आठ महिने काही फार नाहीत.

तेव्हा त्याच्या उजव्या हाताला गुडघे मोडल्याचा आवाज झाला. दिवसभर राबलेला माणूस खाली बसताना होतो तसा. कुणीतरी श्वास सोडला. कंदिलाच्या उजेडात, त्याच्या पायाला लागून, जमिनीवर एक डावा पाय टेकलेला होता.

दंड कुणी भरलाच नव्हता. फुलचंद तरी सुटणार कसा?

गुलाबसिंगनं बोटं मोजली नाहीत. मान वर करून शेजारी बघायचं तोंड त्याला नव्हतं. तो जरासा डावीकडे सरकला आणि भावाला जागा करून दिली.